थोर शास्त्रज्ञांची यादी आणि आबांचे नंबर

आमच्या घरात कोणी कोणाला नुसतं चांगलं म्हणत नसे. नंबर लावत. आंब्यांना नंबर, जावयांना नंबर, शहाद्याच्या स्टँडवरून आमच्या गावाकडे येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरांना नंबर. ताटात भरीत पडलं की पहिला घास गिळायच्या आत माझे वडील, बापू, सांगून मोकळे होत, "मागला सोमवारनं पहिलं. हाई दुसरं." माय त्यावर तव्यावरची कळण्याची भाकरी जरा जोरात उलटायची, एवढंच. पाहुणे निघून गेले की त्यांच्या पोरांना नंबर लावायला आम्ही ओट्यावर बसायचो, आणि त्यात पहिला नंबर कधीच कोणाला मिळत नसे. तो जणू देवासाठी राखून ठेवलेला होता. तुच्छता हा आमचा घरगुती उद्योग होता, बिबड्या-पापडांसारखा. वर्षभर पुरेल इतका माल आम्ही उन्हाळ्यातच वाळवून डब्यात भरून ठेवत असू.

या उद्योगात खरा कारागीर एकच, बाकी सगळे हौशी. तो म्हणजे आबा, बापूंचे थोरले भाऊ. ते जिनिंगच्या कारखान्यात कापूस पारखायचं काम करत. हंगाम सुरू झाला की जिनिंगची घरघर दिवसभर गावावर पसरलेली असे, इतकी की रविवारी ती थांबली म्हणजे माय म्हणायची, "आज कान दुखी ऱ्हायनात." आबा घरी येत तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत आणि मिशीत तंतू अडकलेले असत. त्यांचा डबा घेऊन जाताना मी त्यांचं काम पुष्कळदा पाहिलं आहे. गाड्या, ट्रॅक्टर रांगेत उभे. वरचा कापूस सगळ्यांचाच पांढराशुभ्र. आबा त्याच्याकडे बघतसुद्धा नसत. खांद्यापर्यंत हात ढिगात घालायचे, तोंड भलतीकडेच, चेहऱ्यावर अडलेल्या म्हशीपाशी बसलेल्या ढोरांच्या डॉक्टरसारखा भाव. हात बाहेर आला की मुठीत मधला कापूस असे. कधी तो ओलसर असे, कधी त्यात किडीनं पिवळी पडलेली बोंडं असत. सरकी काढून ते दोन्ही अंगठ्यांमध्ये तंतू ताणत आणि नंबर सांगत. एक, दोन किंवा तीन. कारण कधीच सांगत नसत. क्वचित मात्र हात झटकून म्हणत, "याले नंबर नही." म्हणजे चार जणांचा माल गोळा करून एकाच्या नावावर आणला आहे, गाडी परत न्या. तीन नंबर मिळालेला माणूस तोंड वाकडं करत का होईना, पण माल उतरवून घेई. नंबर न मिळालेला मात्र शेजारच्या गाडीवाल्याची नजर चुकवत बैल वळवी. "वरनं देखाले डोया बठ्ठ्यास्ले शेतस," आबा म्हणायचे, म्हणजे वरून बघायला डोळे सगळ्यांनाच असतात. "मधलं देखाले हात लागस."

अशा घरात वाढलेल्या मुलीनं अकरावी सायन्सला गेल्यावर काय करावं? मी जगातल्या थोर भौतिकशास्त्रज्ञांना नंबर लावले. दोनशे पानी वही, पाठीमागून सुरुवात, पट्टीनं आखलेले रकाने. त्या थोरांची नावं मी इथे लिहीत नाही. माझ्या हातून त्यांची पुरेशी विटंबना तेव्हाच होऊन गेली आहे. आणि वहीत तरी नावं कुठे होती! एक होते सफरचंदवाले, एक केस विस्कटलेले, एक चुंबकवाले, एक रेडियमवाल्या बाई. प्रत्येकाला शंभरपैकी मार्क. मोठं बक्षीस मिळालं असेल तर तीस, नावाचं एकक झालं असेल तर वीस, पुस्तकात सूत्र असेल तर प्रत्येक सूत्राला दहा, आणि फोटोत माणूस शास्त्रज्ञासारखा दिसत असेल तर पाच. बक्षीस सुरू व्हायच्या आधी जे मेले त्यांना मी ग्रेस मार्क दिले. आमच्या बोर्डाचीच पद्धत होती ती. चुंबकवाले गरीब घरातले, पुस्तकबांधणीच्या दुकानात काम करत करत शिकलेले, आणि त्यांना म्हणे गणित फारसं येत नव्हतं. मला बारा आकडी संख्येचं वर्गमूळ काढता येत होतं, म्हणून मी त्यांना सातव्या नंबरावर नेऊन बसवलं. रेडियमवाल्या बाईंना बक्षिसं दोन, पण त्यातलं एक रसायनशास्त्राचं, म्हणून ते मी अर्धंच धरलं. ज्यांच्या नावावरून विश्वातल्या अर्ध्या कणांची जात ओळखली जाते ते आपले बंगाली प्राध्यापक, त्यांना बक्षीसच नाही म्हणून नववा नंबर. या सगळ्यांनी काय केलं होतं हे मला ठाऊक होतं का? सूत्रं ठाऊक होती. सूत्र पाठ असलं की माणूस खिशात आला, अशी माझी समजूत होती.

परवा पुण्यातल्या माझ्या भाच्यानं आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशीच एक यादी टाकली. सर्वांत थोर दहा भौतिकशास्त्रज्ञ, खाली मत द्यायची सोय. त्यावर आमच्या एका मावसभावानं मत दिलं, जो घरातला फ्यूजसुद्धा शेजाऱ्याकडून बदलून घेतो. दोन तासांत भांडण आईबापांपर्यंत गेलं. मला राग आला नाही. माझ्याच रोपाला आलेली वांगी ती. फरक एवढाच की मला मार्कांचे रकाने स्वतः आखावे लागत, त्याला आयते मिळाले.

आता प्रयोगवहीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. शहाद्याच्या आमच्या कॉलेजात लंबकाचा प्रयोग असे. दोरीला धातूचा गोळा टांगायचा, झोका द्यायचा, वीस झोक्यांना किती वेळ लागतो ते मोजायचं, आणि त्यावरून पृथ्वीच्या ओढीचा आकडा काढायचा. तो पुस्तकात दिलेलाच आहे, नऊ पूर्णांक आठ. आमचे फिजिक्सचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "उत्तर नऊ पूर्णांक आठ आलं पाहिजे. कसं आणायचं ते तुम्ही बघा." सर वाईट नव्हते. वाईट असायला माणसाला काहीतरी करावं लागतं. आम्ही बघितलं. बारावीच्या मुलींच्या वह्या होत्या, त्यांच्याकडे त्यांच्या आधीच्या मुलींच्या. मापं वडिलोपार्जित होती. लंबक टेबलावर लटकत राही, आम्ही खाली बसून मागल्या पिढीचे सेकंद उतरवून घेत असू आणि मधूनमधून गोळ्याला टिचकी मारत असू, म्हणजे बाहेरून जाणाऱ्याला प्रयोग चालला आहे असं वाटावं. माझी वही वर्गात सर्वांत देखणी होती. हेडिंग हिरव्या शाईत. पाच लांब्यांना पाचही वेळा उत्तर नऊ पूर्णांक आठ. सरांनी वर 'उत्कृष्ट' लिहून दोनदा अधोरेखित केलं होतं.

वर्गात एक रमिला होती. सातपुड्यातल्या, मोलगीच्याही पलीकडच्या पाड्यावरची, शहाद्याला वसतिगृहात राहायची. घरी पावरी बोलायची, आमच्याशी पुस्तकातल्यासारखं मराठी, शब्द मोजून. आमच्या अहिराणीला ती हसायची, तेही तोंडावर. मी तिला मनातल्या मनात अठ्ठाविसावा नंबर दिला होता. वर्गात मुली सत्तावीस होत्या. ती लंबकापाशी एकटी उभी राहायची आणि खरोखर मोजायची, आणि तिचं उत्तर चुकायचं. आखूड दोरीला नऊ पूर्णांक चार, जरा लांब केली की नऊ पूर्णांक सहा. सरांनी लाल पेनानं पान आडवं कापून टाकलं होतं. एकदा मी माझी थोरांची यादी वर्गात वाचून दाखवत होते तेव्हा तिनं विचारलं, "यांच्यापैकी कोणाची मापं कधी चुकली होती?"

"थोर माणसांची मापं चुकत नाहीत," मी म्हटलं.

"मग तू पण थोर आहेस," ती म्हणाली. "तुझा लंबक तर दोरी लांब कर की आखूड, हुकमाबाहेर जातच नाही." पोरी हसल्या. मला वाटलं माझ्या बाजूनं हसल्या.

मला त्या वर्षी एकच गोष्ट हवी होती. नाशिकला दहा दिवसांचं विज्ञान शिबिर भरणार होतं, प्रत्येक कॉलेजातून एक विद्यार्थी. बारावीनंतर मला पुण्याला शिकायला पाठवायचं की शहाद्यातच बी.ए. करून स्थळं बघायची, यावर आमच्या घरात कुजबुज सुरू झाली होती. शिबिराला निवड झाली असती तर बापूंना पुण्याला नाही म्हणणं जड गेलं असतं. म्हणजे ती माझी गाडी होती, आणि चुकली तर दुसरी नव्हती. निवडीसाठी नाशिकहून एक प्राध्यापक येणार म्हटल्यावर मी आठवडाभर यादी पाठ केली. सर्वांत थोर कोण, असं ते विचारणार, मी मार्कांसकट उत्तर देणार, ते खुर्चीतून उठणार. पुढचंही ठरलं होतं, पण ते सांगायला आज या वयातही लाज वाटते.

पाहुणे आले. ठेंगणे, घामाघूम, बुशशर्टच्या खिशात दोन पेनं. थोरांबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. म्हणाले, प्रयोगवह्या दाखवा. माझी हिरव्या शाईची वही त्यांनी उघडली, लंबकाचं पान वाचलं, पुन्हा वरून वाचलं.

"हे वेळ कोणी मोजले?"

"मी, सर."

"घड्याळ कोणाचं होतं?"

या प्रश्नाची तयारी कोणत्याच पिढीनं करून ठेवलेली नव्हती. मी म्हटलं, "कॉलेजचं."

"कॉलेजचं स्टॉपवॉच दिवाळीपासून बंद आहे, असं तुमच्या सरांनीच मला सांगितलं. ही मुलगी भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्यावर मोजत होती म्हणे." त्यांच्या दुसऱ्या हातात रमिलाची वही होती. लाल रेघेखाली तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं: उत्तर चुकते. दोरी लांब केली की कमी चुकते. म्हणजे दोरीत रोज तेवढेच काहीतरी मोजायचे राहते आहे. काय ते कळत नाही. प्राध्यापकांनी लंबक मागवला आणि गोळा तिच्या हातात दिला. तिनं तो तळहातावर फिरवला. मग बोट गोळ्याच्या मध्यावर ठेवून म्हणाली, "दोरी इथपर्यंत मोजायची. मी गाठीपर्यंतच मोजत होते." ते खुर्चीतून उठले. मी ठरवलेल्या प्रसंगातली तेवढी एक गोष्ट खरी झाली.

जाताना त्यांनी तिची शिफारस लिहून ठेवली. पण नाव पाठवायला कॉलेजच्या समितीचा ठराव लागत होता, आणि समितीवर आबा होते, कारण मैदानाची जमीन आमच्या आजोबांनी दिली होती. सरांनी मला व्हरांड्यात गाठलं. "तुझ्या आबांच्या कानावर घाल. त्या मुलीला एकटीला नाशिकला कोण सोडेल, सोयीचं काय, असा मुद्दा निघाला की झालं. समितीत आबांच्या शब्दापुढे कोण जातं?" मी बसमध्ये खिडकीशी बसून घरी आले ती निम्मी नाशिकला पोचलेलीच.

आबा ओट्यावर मिशीतले तंतू काढत बसले होते. मी सगळं सांगितलं. खोटं काहीच सांगितलं नाही, फक्त वरचा कापूस वर ठेवला. माझी वही सुबक आहे, सरांचा शेरा आहे, त्या मुलीचं पान तर सरांनीच कापलेलं आहे. पुरावा म्हणून मी दोन्ही वह्या आणल्या होत्या. रमिलाची सरांनीच दिली होती. फिजिक्स आबांना येत नव्हतं, त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं. मी पहिलं पान उघडून दिलं. त्यांनी ते पाहिलंच नाही. अंगठा घालून त्यांनी वही मधूनच उघडली, लंबकापाशी. मग दुसरी. दोन्ही पानं त्यांनी मांडीवर शेजारी शेजारी ठेवली.

"हाई तू सोता मोजं का?"

"आबा, सगळ्या मुली तसंच..."

"माले बठ्ठ्यास्नं सांगू नको. तू मोजं का?"

"नाही."

"मंग कोनी मोजं?"

मला खरंच माहीत नव्हतं. बारावीच्या मुलींनी नव्हतं मोजलं, त्यांच्या आधीच्यांनीही नसावं. कदाचित त्या कॉलेजात ते कधी कोणी मोजलंच नव्हतं. आबांनी माझी वही मिटली आणि दोन्ही हातांनी, अगदी जपून, माझ्या मांडीवर ठेवली. "याले नंबर नही," ते म्हणाले.

मी रडले, जेवले नाही, मायनं वाफवलेल्या डाळीचे फुनके केले होते ते मला ऐकू जातील अशा बेतानं बापूंनी खाल्ले. माय आबांना म्हणाली, घरच्या पोरीचा घास काढून कोणी दुसरीला देतं का. आबा म्हणाले, "मी गाडीवर नाव देखीसन नंबर देत नही. आज नाव देखीसन देसू, ते उद्या मन्हा हात कोन मानी?" दुसऱ्या दिवशी समितीत सोयीचा मुद्दा निघालाच. आबांनी सांगितलं की आपण जिनिंगच्या कामानं नाशिकला जाणार आहोत, पोरीला सोडू. असं कोणतंही काम नव्हतं. ते रमिलाला घेऊन एसटीनं गेले, दहा दिवसांनी पुन्हा जाऊन तिला घेऊन आले, आणि वाटेत काय बोलणं झालं असं विचारल्यावर म्हणाले, "ती हासस आपली बोलीले. चांगली पोर शे." आमच्या घरात कोणाला नुसतं चांगलं म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मी पुण्याला गेले नाही. शहाद्यातच बी.एस्सी. केलं, तेवढ्यावर बापू कसेबसे कबूल झाले, आणि आज मी नंदुरबारला शाळेत विज्ञान शिकवते. रमिला पाण्याच्या खात्यात नोकरीला लागली, सातपुड्यातल्या विहिरींची पातळी मोजत हिंडते. तिचं नाव कुठल्या यादीत नाही. भाच्याची यादी मी तिला पाठवली तर तिनं उत्तरादाखल एका विहिरीचा फोटो पाठवला, बाकी काही नाही. माझ्यासमोर येणाऱ्या प्रयोगवह्यांत पृथ्वीची ओढ अजूनही नऊ पूर्णांक आठच असते. मी विचारते, "कोणी मोजलं?" वर्ग माझ्याकडे दयेनं बघतो.

पण मला सांगायचा होता तो दिवस वेगळाच आहे. आबा रमिलाला सोडायला गेले त्याच आठवड्यातला. घरी करमेना, यादीची वही उघडवेना. शेवटी दुपारी मी झोपाळ्याची एक कडी मोकळी केली, तिला सुतळी बांधली, सुतळीला मायच्या तराजूतलं पितळी वजन. शिंप्याच्या टेपनं दोरी मोजली, वजनाच्या मध्यापर्यंत. बापूंचं मनगटी घड्याळ मांडीवर ठेवलं. माय येता-जाता म्हणत होती, "पोर सटकनी शे." वीस झोके. पुन्हा वीस. दहा वेळा मोजून गणित केलं तर उत्तर आलं दहा पूर्णांक नऊ. इतकं चुकीचं उत्तर आमच्या कॉलेजात कोणाचंच आलं नसेल. पुन्हा केलं, पुन्हा तेच. वजन हातातून सोडतानाच मी 'एक' म्हणत होते, म्हणजे वीस म्हणून एकोणीसच झोके मोजत होते, हे मला चार दिवसांनी कळलं. त्या दिवशी मात्र काहीच कळत नव्हतं. खोडायची पाळी आली, रबर हातात घेतलं आणि ठेवून दिलं.

संध्याकाळी आबा नाशिकहून परतले. पिशवी खाली ठेवून त्यांनी झोपाळ्याची सुटी कडी पाहिली, लोंबणारं वजन पाहिलं, माझ्या मांडीवरचा कागद उचलला. वेडेवाकडे आकडे, खाली दोनदा अधोरेखित दहा पूर्णांक नऊ.

"हाई कोनं शे?"

"मन्हं."

त्यांनी कागद उजेडाकडे धरला, दोन अंगठ्यांमध्ये जरासा ताणला आणि मला परत दिला.

"तीन नंबर," म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले.